सप्ताह उठल्यानंतर : गृहस्थाच्या संयमाविषयी थोडेसे

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की दत्तभक्तांच्या घरांत निराळीच लगबग सुरू होते. लाल वस्त्रात बांधलेली गुरुचरित्राची पोथी बाहेर निघते, पाट-चौरंग पुसले जातात आणि दत्तजयंतीच्या आधी सात दिवसांचं पारायण मांडलं जातं. सप्ताहाचे नियम आपल्याला तोंडपाठ असतात. हविष्यान्न घ्यायचं, तिखट-मसाले टाळायचे, गादी सोडून चटईवर निजायचं, ब्रह्मचर्य पाळायचं, वादात पडायचं नाही, मोजकं बोलायचं. घरातलं माणूस वाचायला बसलंय म्हटल्यावर बाकीची मंडळीही टीव्हीचा आवाज कमी करतात. सात दिवस घर कसं निवांत वाटतं. मग पौर्णिमेच्या संध्याकाळी जन्म होतो, पाळणा होतो, सुंठवडा वाटला जातो, समाराधना होते. आणि आठव्या दिवशी सकाळी चहात साखर कमी पडली म्हणून त्याच घरात भांडं आदळतं.

हे मी कुणा एकाच्या घरचं सांगत नाही. थोड्याफार फरकाने पुष्कळ घरांत असंच घडतं. वर्षाच्या ३६५ दिवसांतून सप्ताहाचे ७ वजा केले की ३५८ उरतात. आमच्यासारख्या आयुष्यभर बेरीज-वजाबाकी केलेल्या माणसाला हा आकडा सतावतो. संयम ७ दिवसांचा आणि संसार ३५८ दिवसांचा, हा हिशेब जुळायचा कसा?

काही मंडळी म्हणतात, "अहो, संयम हा संन्याशाचा धर्म. संसारी माणसाने तो सणावारी पाळला तरी पुष्कळ झालं." ऐकायला हे सोयीचं आहे, पण मला पटत नाही. माझं म्हणणं उलट आहे. संन्याशाने सगळं सोडलेलं असतं, त्यामुळे किती घ्यायचं हा प्रश्नच त्याच्यापुढे फारसा येत नाही. हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो तो गृहस्थापुढे. ताट समोर असतं, पैसा हातात असतो, माणसं जवळ असतात, अधिकार असतो. एवढं सगळं असताना किती घ्यावं आणि कुठे थांबावं हे ठरवणं, यालाच तर संयम म्हणायचं. तेव्हा संयमाची खरी गरज आहे ती गृहस्थालाच.

दत्तसंप्रदाय आणि गृहस्थ

आपलं दैवत अवधूत आहे, दिगंबर आहे, हे खरं. पण ते जन्माला आलं कुठे? अत्री ऋषींच्या आश्रमात, अनसूयामातेच्या पोटी. म्हणजे एका जोडप्याच्या घरात. तिन्ही देव अतिथी होऊन आले आणि भलतीच अट घालून बसले, ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या माउलीने संतापून अतिथींना हाकललं नाही आणि आपली मर्यादाही सोडली नाही. तिने त्यांची बाळं केली आणि मग त्यांना जेवू घातलं. मनाचा तोल न ढळू देता अवघड प्रसंगातून वाट काढणं हा गृहिणीचा गुण आहे, आणि त्याच गुणापोटी दत्तप्रभू अवतरले.

पुढची परंपरा बघा. श्रीनृसिंह सरस्वती स्वतः संन्यासी, पण त्यांच्याकडे येत कोण? पोटशुळाने गांजलेला ब्राह्मण, यवनाच्या चाकरीतला सायंदेव, उतारवयातही मुलाची आस धरून बसलेली स्त्री. ही सगळी संसारी माणसं. महाराजांनी त्यांना घरदार सोडायला लावलं नाही. आहे तो संसार नीट करण्याचं बळ दिलं.

देवगिरीचे जनार्दनस्वामी तर किल्ल्याचे अधिकारी होते. बायको-मुलं, चाकरी, हिशेब-ठिशेब सगळं सांभाळून ते दत्तोपासना करत. त्यांचे शिष्य एकनाथ महाराज. आपण रोज दत्ताची जी आरती म्हणतो ती नाथांचीच. स्वामींनी त्यांच्याकडे हिशेबाचं काम सोपवलं होतं. एका रात्री एका पैची चूक सापडेना म्हणून नाथ दिवा लावून वह्या उलगडत बसले आणि ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, अशी कथा सांगतात. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढा आनंद, तर संसाराची मोठी चूक सापडली तर केवढा होईल! बँकेत दिवसअखेर ताळा जुळेपर्यंत आम्ही कुणी जागचे हलत नसू. त्यामुळे ही कथा मला नेहमी जवळची वाटते. ज्याला पैचा फरक दिसतो त्यालाच आपल्या वागण्यातला फरक दिसण्याची शक्यता असते.

अलीकडच्या काळातले श्रीवासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबेस्वामी. माणगावला १८५४ साली जन्मलेले स्वामीसुद्धा आधी गृहस्थ होते. १८९१ मध्ये गंगाखेड इथे पत्नीचं निधन झालं, त्यानंतर त्यांनी संन्यास घेतला. तोपर्यंत इतकी तीव्र वैराग्यवृत्ती असूनही ते पत्नीला टाकून निघून गेले नाहीत. वैराग्य होतं, पण त्याची किंमत दुसऱ्या जिवाला मोजायला लावली नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्याकडे पुन्हा वळायचं आहे.

किती म्हणजे बेताचं?

भगवंताने गीतेच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट सांगितलं आहे की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, कर्म, झोप आणि जागेपण सगळं बेताचं हवं. म्हणजे अतिरेक दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. उपासाचाही अतिरेक असतो, हे आपण विसरतो.

बँकेत व्यापाऱ्याला कॅश क्रेडिटचं लिमिट मंजूर होतं. समजा ५ लाखांचं लिमिट आहे. म्हणून रोज ५ लाख वापरलेच पाहिजेत असं नाही. जो शहाणा व्यापारी तो गरजेपुरते उचलतो आणि माल विकला की भरतो. ज्याचं खातं कायम लिमिटला टेकलेलं, त्याच्याकडे आम्ही काळजीने बघायचो. आणि लिमिट आहे तरी भीतीपोटी एक पैसा उचलत नाही, त्याचा धंदा वाढत नाही. संसाराचंही तसंच. शास्त्राने गृहस्थाला अर्थ आणि काम या दोन्हींचं लिमिट मंजूर केलेलं आहे. ते चार पुरुषार्थांत बसतात. पण मंजूर आहे म्हणून शेवटच्या पैशापर्यंत उपसायचं नसतं.

पतिपत्नीच्या संबंधाबद्दल बोलायला आपली पिढी संकोचते. जुने ग्रंथ तसे संकोचत नव्हते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ऋतुकाळाच्या १६ रात्री सांगून त्यांतल्या काही वर्ज्य सांगितल्या आहेत, आणि वर्ज्य रात्री टाळून राहणारा गृहस्थ कुठल्याही आश्रमात असला तरी ब्रह्मचारीच होय, असं म्हटलं आहे. आज कुणी त्या रात्री मोजत बसावं असं मी म्हणत नाही. पण त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे. विवाहित माणसालाही ब्रह्मचर्य असतं आणि ते मर्यादेत असतं. माझ्या समजुतीप्रमाणे त्या मर्यादेचं आजचं रूप साधं आहे : समोरच्याचं मन आहे का, प्रकृती बरी आहे का, ती दिवसभर दमली आहे का, हे आधी बघणं. लग्न झालं म्हणजे हक्काची पावती मिळाली, असं समजणाऱ्याने कितीही सप्ताह केले तरी त्याच्या संयमाचं खातं उघडलेलंच नाही.

जिभेची दोन कामं

अवधूतांच्या २४ गुरूंची कथा भागवताच्या एकादश स्कंधात आहे. त्याच स्कंधावर नाथांनी आपलं भागवत लिहिलं आणि १५७३ मध्ये काशीला पूर्ण केलं. त्या २४ गुरूंमध्ये गळाला लागणारा मासा आहे. तिथे एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. उपास केला की बाकीची इंद्रियं मवाळ पडतात, पण जीभ मात्र उलट जास्तच वळवळते. आणि जोवर जीभ जिंकली नाही तोवर माणसाने इंद्रियं जिंकली असं म्हणता येत नाही. एकादशीच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी आणि वर श्रीखंड, असा फराळ ज्यांनी केला आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि जीभ फक्त चव घेत नाही, ती बोलतेही. संसारात जास्त नुकसान या दुसऱ्या कामाने होतं. खाल्लेलं जास्त झालं तर आपलंच पोट दुखतं. बोललेलं जास्त झालं तर दुसऱ्याचं मन दुखतं, आणि त्याला ओवा-हिंग चालत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोला एकमेकांच्या सगळ्या दुखऱ्या जागा पाठ असतात. माहेरचं काय बोललं की लागतं, नोकरीतलं काय काढलं की झोंबतं, हे दोघांनाही नेमकं ठाऊक असतं. ठाऊक असून तिथे बोट न ठेवणं, याहून मोठं मौनव्रत मला माहीत नाही.

नाथांच्या घरची ती कथा आठवा. त्यांना राग आणून दाखवायचा विडा उचलून एक जण पैठणला त्यांच्या घरी आला. जेवताना वाढायला वाकलेल्या गिरिजाबाईंच्या तो थेट पाठीवर चढला. नाथ म्हणाले, सांभाळ हो, पडतील ते. गिरिजाबाई म्हणाल्या, हरिपंडिताला पाठीवर घेऊन काम करायची सवय आहे मला. या कथेत आपण नेहमी नाथांची शांती वाखाणतो. मला वाटतं, तिथे दोघं एकाच वेळी शांत राहिली हे विशेष आहे. त्यांतलं एक जरी भडकलं असतं तरी दुसऱ्याची शांती टिकणं अवघड होतं.

नेम कोणाचा, भार कोणावर?

आता त्या महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. आपल्या घरांतल्या संयमाचा हिशेब मांडला तर एक नोंद नेहमी राहून जाते. नवऱ्याचं एकभुक्त असतं, पण त्याच्यासाठी सोवळ्यात वेगळा स्वयंपाक कोण करतं? त्याचं ब्राह्म मुहूर्ताचं वाचन असतं, पण त्याच्याआधी उठून पाणी कोण तापवतं? त्याचं मौन असतं, पण दारावर आलेल्या दूधवाल्यापासून फोनपर्यंत सगळ्यांशी बोलतं कोण? एका माणसाच्या संयमासाठी दुसऱ्याची ओढाताण होत असेल, तर नावे आणि जमा दोन्ही बाजू नीट लिहायला हव्यात. पुण्य एकाच्या नावावर जमा आणि कष्ट दुसऱ्याच्या नावे, असा ताळेबंद कुठलाही ऑडिटर पास करणार नाही. दत्तमहाराज तरी कसे करतील?

गुरुचरित्राच्या छत्तिसाव्या अध्यायात याच प्रश्नाची कथा आहे. गाणगापुरात एक आचारनिष्ठ ब्राह्मण राहत होता. परान्न घ्यायचं नाही हा त्याचा कडक नेम. बायकोला मात्र वाटे, गावात समाराधना होतात, लोक गोडधोड जेवतात, दक्षिणा-वस्त्रं आणतात. आपणच का कोरड्या राहायचं? एकदा एका श्रीमंत माणसाने दांपत्यांना भोजनाचं आमंत्रण दिलं. एकटीला जाता येईना आणि नवरा नेम मोडेना. तेव्हा ती थेट श्रीगुरूंकडे गेली आणि गाऱ्हाणं घातलं. श्रीगुरूंनी काय केलं? तिला झिडकारलं नाही. नवऱ्याला बोलावून सांगितलं की बायकोची इच्छा पुरी कर. तो गेला. जेवताना त्या बाईला आपल्या पंक्तीला कुत्री आणि डुकरं जेवताना दिसली, तिला किळस आली आणि ती ताटावरून उठली. तिची आस तिथेच संपली. मग नवऱ्याने विचारलं आणि श्रीगुरूंनी त्याला परान्नाचा आणि आचाराचा सगळा विचार समजावून सांगितला.

या कथेचा अर्थ पुष्कळ जण असा लावतात की बायको लोभी होती, तिला धडा मिळाला. पोथीत तसं आहे हे नाकारायचं कारण नाही. पण श्रीगुरूंनी केलेला क्रम मला जास्त बोलका वाटतो. त्यांनी आधी नवऱ्याला त्याच्या नेमावरून खाली उतरवलं. नेम चुकीचा होता म्हणून नव्हे. घरातलं दुसरं माणूस वर्षानुवर्षं मन मारून बसलं आहे, हे त्या नेमाच्या कडकपणात दिसत नव्हतं म्हणून. आणि त्या स्त्रीची ओढ हुकमाने तोडली नाही; तिची तिला कळेपर्यंत वाट करून दिली. दुसऱ्याचा संयम आपण पाळू शकत नाही. तो ज्याचा त्याला उमजावा लागतो. आपण फार तर वाट अडवायची नाही.

म्हणून नेम करण्याआधी घरात विचारावं. "मी चातुर्मासात अमुक सोडतो आहे, तुला त्याचा त्रास होईल का?" एवढं एक वाक्य. पूर्वीच्या पुरुषांना ते सुचलं नाही असं म्हणतात. पण आताच्यांनाही ते आपोआप सुचतं असं दिसत नाही. बायकांना संयम शिकवणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. सासरी सोसा, कमी बोला, उरलेलं खा, सगळं त्यांना. त्या सोसण्याला संयम म्हणणं बरोबर नाही. ज्याला "नाही" म्हणायची सोय नाही, त्याचं गप्प राहणं हा संयम नसतो. ज्याच्या हातात घेणं आहे त्याने हात आखडता घ्यावा, हा संयम. आणि बहुतेक घरांत तो हात अजूनही पुरुषाचा आहे.

बँकेत जोडप्यांची संयुक्त खाती असतात. त्यांत "आयदर ऑर सर्व्हायव्हर" असा शेरा असतो, म्हणजे दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकतं आणि एक गेलं तर उरलेले पैसे बँक दुसऱ्याला देते. कायद्याने कुणीही सगळी शिल्लक एका दिवसात काढून नेऊ शकतं. तरीही बहुतेक जोडपी तसं करत नाहीत. काढायचं असेल तर आधी घरी सांगतात. मी वर्षानुवर्षं काउंटरच्या आतून हे पाहिलं. त्या माणसांनी गीता वाचली होती की नाही देव जाणे, पण दुसऱ्याचाही त्यात वाटा आहे ही जाणीव त्यांच्या सहीच्या मागे होती. संसारातला वेळ, ताकद, झोप, बोलण्याचा हक्क, ही सगळी अशीच संयुक्त खाती आहेत.

उतारवयातला संयम

आपल्यापैकी बरेच जण आता साठी ओलांडलेले. जिभेला डॉक्टरांनी आवर घातला आहे, बाकीची इंद्रियं आपण होऊनच थंड झाली आहेत. मग संयमाचा विषय संपला का? मला वाटतं, उलट सर्वांत अवघड भाग आता सुरू होतो. तो म्हणजे ममतेचा आणि अधिकाराचा संयम. मुलाने घर कुठे घ्यावं, सुनेने नोकरी करावी की नाही, नातवाने कोणत्या शाळेत जावं, प्रत्येक ठिकाणी आपलं मत तयार असतं. अवधूतांचा एक गुरू कपोत आहे. पिल्लं जाळ्यात अडकलेली पाहून कबुतरी आत शिरली आणि तिच्यामागून कबुतरही शिरलं. प्रेम वाईट नव्हतं, त्याला काठ नव्हता. दुसरा गुरू समुद्र. पावसाळ्यात एवढ्या नद्या येऊन मिळतात म्हणून तो फुगत नाही, उन्हाळ्यात त्या आटल्या म्हणून सुकत नाही. मुलगा रोज फोन करतो तेव्हा फुगायचं नाही आणि चार दिवस केला नाही तर सुकायचं नाही, हे जमलं तर म्हातारपण पुष्कळ हलकं होईल.

इथेही नाथांकडेच बघावं. मुलगा हरिपंडित विद्वान आणि कर्मठ. वडील प्राकृतात पुराण सांगतात, कुणाच्याही घरी जेवतात, हे त्याला रुचलं नाही. तो रुसून काशीला गेला. परत यायचं तर प्राकृत प्रवचन बंद आणि परान्न बंद, अशा अटी घातल्या. नाथांनी त्या मान्य केल्या. एवढा अधिकारी पुरुष मुलाच्या शब्दाखातर गप्प बसला. पुढे एका बाईचा सहस्रभोजनाचा नवस होता, त्या निमित्ताने मुलाला वडिलांचा अधिकार आपोआप कळला आणि अटी गळून पडल्या, असं सांगतात. नाथांनी वाद घालून मुलाला जिंकलं नाही. त्याला कळेपर्यंत थांबले. छत्तिसाव्या अध्यायातल्या श्रीगुरूंसारखंच.

एवढं करता येईल

मोठ्या व्रतांपेक्षा रोजच्या छोट्या गोष्टी धराव्यात असं मला वाटतं. पहिल्या घासाला मीठ कमी लागलं तर मुकाट्याने वरून घ्यावं, शेरा मारू नये. राग आला तर उत्तर दुसऱ्या दिवशी द्यावं; बहुतेक वेळा द्यावंच लागत नाही. खर्च करण्याआधी घरात सांगावं, आणि दुसऱ्याने केलेल्या लहान खर्चाची पावती मागू नये. विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये आणि विचारला तर एकदाच द्यावा. स्वतःच्या नेमाचं काम स्वतःच्या हाताने करावं. सोवळ्याचं पाणी आपण भरावं, आपलं ताट आपण घासावं. नेम त्याने हलका होत नाही, उलट तो खऱ्या अर्थाने आपला होतो.

यांतलं सगळं रोज जमेल असं नाही. दिवसअखेर ताळा घ्यावा, फरक दिसला तर मान्य करावा आणि दुसऱ्या दिवशीचं पान नव्याने उघडावं. फरक लपवला की तो पुढच्या पानावर ओढला जातो आणि मोठा होत जातो, हे हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पौर्णिमेच्या संध्याकाळी पाळण्याची दोरी ओढताना आपण अनसूयेच्या घरात उभे असतो. ते घर एका संसारी जोडप्याचं आहे, आणि दत्तप्रभूंना जन्म घ्यायला ते पुरेसं पवित्र वाटलं. आपलंही घर तसं व्हावं असं वाटत असेल, तर सप्ताहाची समाप्ती झाल्यावर पोथी वस्त्रात बांधावी, नियम मात्र त्यातला एखादा बाहेर ठेवावा. कोणता, ते घरातल्या माणसांना विचारून ठरवावं.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥